बाबाकोतोचा रकाना

मुरामांगाच्या कचेरीत मी हिशेब लिहिते.
खिडकीतून गंजके रूळ दिसतात, कोळशाची पोती दिसतात,
जंगल दिसत नाही. ते माझ्याकडे कागदावर येतं:
बूट, बारा जोड. टॉर्चचे सेल. तांदूळ, दोन पोती.
वेलुन्झारा महिन्याच्या शेवटी अंगठा उठवतो,
शाईच्या शेजारी कधी चिखल,
एकदा तर चिरडलेली जळू.

पैसे फिनलंडहून येतात.
तिकडे म्हणे हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवेलागण.
मी मनाशी एक माणूस धरून ठेवलाय, ताउनो नावाचा.
कायानी गावात तो रस्त्यावरचं बर्फ लोटतो यंत्राने.
त्याच्या वर्षाच्या करातून आमच्या वाट्याला काय येतं
ते मी एकदा, हाताला काम नव्हतं तेव्हा, काढून पाहिलं:
वेलुन्झाराची अकरा मिनिटं.
ताउनोला पत्ताही नसेल
की त्याची अकरा मिनिटं आत्ता एका निसरड्या उतारावर
हात टेकत चालली आहेत,
फास दिसला की वाकून सोडवताहेत.

अहवालात चौथा रकाना इंद्रींच्या कुटुंबांचा.
आम्ही त्याला बाबाकोतो म्हणतो.
मधासाठी चढून वर अडकलेल्या कुणा पूर्वजाला
त्याने पाठीवर घेऊन खाली उतरवलं होतं,
तेव्हापासून त्याला मारणं फादी, वर्ज्य.
या नियमाला कधी निधी लागला नव्हता.

ऑलिक्की पाहणीला आली तेव्हा हे ऐकून म्हणाली,
मग फास लावतं कोण?
नेनी सुआ तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली,
ज्यांचे आजे दुसऱ्या मुलखातले, ते.
आणि भूक. भुकेला आजा नसतो.
दुभाष्याने पुढचं गाळलं.
दुभाषी मीच होते.

कारण हद्दीचे खांब सुआच्या डोंगरशेतातून गेले होते,
भरपाईला तीन मधपेट्या मिळाल्या होत्या,
दोन माश्यांनी सोडल्या, तिसरीत तिने मीठ ठेवलं होतं
आणि माझ्या अहवालात तिन्ही पेट्या
'कार्यरत' होत्या.

मार्चमध्ये पत्र आलं. सहा ओळी.
तिकडे निवडणूक झाली, प्राधान्यं बदलली.
'खेद' एकदा, 'भागीदारी' तीनदा.
खाली पेनाने, घाईच्या अक्षरात, ऑलिक्कीने विचारलं होतं:
त्या दिवशी ती बाई आणखी काही बोलली होती.
काय?

शेवटच्या तिमाहीचा मेळ बसला.
अडतीस युरो उरले, ते परत पाठवायचे आहेत,
पाठवणावळ एकेचाळीस.
वेलुन्झारा अजून जातो वर, आठवड्यातून तीनदा,
का जातो ते सांगत नाही,
सकाळी सातला कड्यावरून फोन लावतो आणि बोलत नाही;
मी कान देऊन ऐकते,
ती लांबलचक हाक, मग दुसऱ्या डोंगरावरून तिला ओ,
आणि पेन्सिलीने आकडा टाकते जुन्याच वहीत.
उरलेले दिवस तो पोती वाहतो, खिडकीखालची.
कोळसा कुठल्या झाडांचा, मी विचारलेलं नाही.
त्यासाठी रकाना कधीच नव्हता.

ऑलिक्कीला उत्तर लिहायला बसले.
सुआचं वाक्य फ्रेंचमध्ये करून पाहिलं तीनदा.
एकदा ते तक्रार झालं, एकदा म्हण झाली,
तिसऱ्यांदा चक्क मदतीचा अर्ज.
शेवटी तिच्याच बोलीत, ती बोलली तसं,
कोऱ्या पावतीच्या पाठीवर उतरवलं,
सोबत मधपेट्यांची दुरुस्त ओळ: मिळाल्या तीन, चालू शून्य.
वर क्रमांक टाकला, चारशे बारा,
आणि बाकीच्या पावत्यांना टाचलं.

रक्कम लिहायची जागा
तशीच सोडली.